पहिला शब्द वेगळ्या ओळीत

गल्लीतल्या निम्म्या लोकांची पक्की समजूत होती की ताई कुठेतरी फुगे विकते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. ज्या छापखान्याच्या माडीवर ती कामाला होती तिथे तिला सगळे ‘फुगेवाली’च म्हणायचे, आणि तिथला शिपाई घरी आला की जिना चढायचा कंटाळा करून खालूनच ओरडायचा, “फुगेवाल्या बाईंना साहेबांनी बोलावलंय!” मग एखादी शेजारीण मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दार वाजवायची. “लाल असतील का हो?” ताई म्हणायची, “माझ्याकडे फक्त पांढरे असतात. आणि त्यांच्यात हवा नसते, शब्द असतात.” शेजारीण बिचारी तशीच परत जायची आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं घरी सांगायची.

काम खरंच फुग्यांचं होतं. कॉमिकच्या पानावर माणसांच्या तोंडातून जे पांढरे फुगे निघतात, त्यांतली अक्षरं ताई हाताने काढायची. लेखक संवाद लिहून द्यायचा. चित्रकार चित्र काढून फुग्यासाठी जागा सोडायचा, आणि ती नेहमी अपुरी सोडायचा. चित्रकाराला वाटतं जग चित्रावर चाललंय, लेखकाला वाटतं शब्दावर. दोघांच्या भांडणात जी बोटभर जागा उरायची, तिच्यात ताईचा संसार. दुसरा तिने मांडला नाही. का मांडला नाही असं विचारणारे होते, पण एकेक करून तेही थकले.

फिकट पेन्सिलीने ओळी आखायच्या, निब शाईत बुडवून अक्षरं काढायची, शाई वाळली की शेवटी शिरोरेषा ओढायची. दुष्ट माणसाची शिरोरेषा ताई मुद्दाम तुटक ओढायची. लहान मुलांची अक्षरं ओळीवरून जराशी उड्या मारायची. म्हाताऱ्यांची टोकांशी थोडी थरथरायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि केलं म्हणून कुणी शाबासकीही दिली नाही. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

त्या कॉमिकचा नायक म्हणजे आभाळराखा. निळे कपडे, पाठीवर पिवळी केप. निळा आणि पिवळा का, तर छापखान्याकडे हे दोनच रंग धड होते, तांबडा नेहमी रेषेबाहेर पळायचा. आभाळराखा कोसळणारे पूल खांद्यावर तोलायचा, गच्चीवरून पडणारी मुलं झेलायचा, आणि प्रत्येक अंकात एकदा तरी चोरांच्या पुढ्यात उतरून म्हणायचा, “थांब, मी आलोय.” लेखकाने हे वाक्य एका ओळीत लिहून दिलं होतं. पहिल्याच अंकात ताईने ते मोडलं. ‘थांब’ वरच्या ओळीत एकटं, खाली चांगली मोकळी जागा, आणि मग ‘मी आलोय’.

संपादकांनी पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अहो बाई, एवढ्या मोकळ्या जागेत चपलांची जाहिरात बसेल माझी!”

“तसंच बरं दिसतंय,” ताई म्हणाली. दुसरं काही तिला सांगता येईना, कारण आपण असं का केलं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पानावर खाडाखोड करायला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच छापलं गेलं.

का केलं ते तिला घरी कळलं, आणि तेही भाऊने सांगितल्यावर.

भाऊ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. घरात, गल्लीत, त्याच्या चष्म्यांच्या दुकानात, सगळीकडे तो भाऊच. लहानपणी तापात त्याचे दोन्ही कान गेले. तोवर तो चांगला बोलायला शिकलेला होता, त्यामुळे बोलणं राहिलं, पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ते वाटेल तिथे चढायचं, वाटेल तिथे पडायचं. बाहेर लोक वळून बघतात म्हणून बाहेर तो बोलत नसे. दुकानात डोळ्याला भिंग लावून चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू बसवायचा, गिऱ्हाइकाच्या ओठांवरून तक्रार समजून घ्यायचा आणि मान डोलवायचा. घरी मात्र मनमोकळा बोलायचा. त्याची बायको, म्हणजे ताईची भावजय, सगळ्यांची वहिनी, तोंडाचा पट्टा बंद करणाऱ्यांतली नव्हे. भाऊला फार झालं की तो फक्त मान दुसरीकडे वळवायचा. “देवाने एवढी सोय कुणाला दिली नसेल,” वहिनी स्वतःच हसत म्हणायची.

भाऊ-ताईचे बाबा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. बोलताना त्यांची जीभ अडायची. पहिला शब्द सुटायचा आणि पुढचा काही केल्या येत नसे. तोंड किंचित उघडं, मान जराशी वर, नजर समोरच्यावर. असे ते उभे राहायचे, आणि मग उरलेलं वाक्य एका दमात बाहेर पडायचं. कारखान्यातले लोक त्यांची नक्कल करून जेवणाच्या सुट्टीत हसायचे. घरात कुणी हसलं नाही. या घरात सगळ्यांना थांबायची सवय होती. पोराच्या तापात ते रुमालात बर्फ गुंडाळून आणायचे आणि गारठलेला हात त्याच्या कपाळावर ठेवून म्हणायचे, “गार,” आणि मग बऱ्याच वेळाने, “वाटेल आता.” त्या आजारपणानंतर भाऊने कुणाचाच आवाज ऐकला नाही. पुढे काही वर्षांनी बाबाही गेले.

तर त्या दिवशी ताईने नव्या अंकाची प्रत भाऊपुढे टाकली, सहज, बहिणीचं काम बघावं म्हणून. भाऊ वाचत वाचत आभाळराखा उतरतो त्या पानावर आला, आणि फुग्यावर बोट ठेवून थांबला.

“बाबा,” तो म्हणाला.

“काय?”

“हा बाबांसारखा बोलतो.”

ताईने पान आपल्याकडे ओढून बघितलं. ‘थांब’, मग जागा, मग ‘मी आलोय’. बाबांचंच अडणं तिच्या हातून कागदावर उतरलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती तिथेच टेबलाशी बसून रडली, चांगली मोठ्याने रडली. भाऊ मात्र रडला नाही. त्याने ते पान पुन्हा वाचलं, मग पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मोकळ्या जागेपाशी बोट टेकवून वाट बघितली.

त्यानंतर आभाळराख्याच्या प्रत्येक फुग्यात पहिला शब्द वेगळ्या ओळीत गेला. संपादकांनी कुरकुर केली, चित्रकाराने फुगे मोठे काढायला लागतात म्हणून अबोला धरला. मग वाचकांची पत्रं यायला लागली. आभाळराखा शब्द तोलून बोलतो, त्याच्या एका शब्दानंतर काळीज थांबतं, असं काय काय लोकांनी लिहिलं. लगेच ती कल्पना मुळात संपादकांची निघाली. शाळेच्या मैदानात पोरं एकमेकांसमोर उडी मारून ‘थांब’ म्हणायची आणि मान वर करून उगाच गप्प राहायची. ज्या अडण्याला कारखाना हसला, त्याचा आता रुबाब झाला होता. ताई कामावर जाताना त्या मैदानाच्या कुंपणापाशी रेंगाळायची. बाबांनी हे बघायला हवं होतं असं तिला दर वेळी वाटायचं.

पुढे अक्षरं काँप्युटर काढायला लागला. काँप्युटरला सगळे सारखेच, चोरही आणि पोरंही. थोड्या दिवसांनी कॉमिकही बंद पडलं. ताईने निबा पुसून डबीत ठेवल्या, जुने अंक पलंगाखालच्या पेटीत भरले आणि भाऊच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम अंगावर घेतलं.

आणि म्हातारपणी एकदम सिनेमा निघाला. आभाळराख्याचा. चौकाचौकात पोस्टरं लागली. संपादकांचा फोन आला, आवाज आता खोल गेलेला. “बाई, कंपनीने जुन्या लोकांना तिकिटं पाठवलीत. तुमची तीन ठेवलीत. जाऊन या. आपल्या पोराचं लग्न आहे असं समजा.”

भाऊ पोस्टरसमोर असा काही उभा राहिला की दुकान उघडायचं विसरला. रात्री जेवताना त्याने ताईला हाताने खूण करून आपल्याकडे बघायला लावलं. “तू ऐकशील. मला सांग.”

“काय सांगू?”

“बाबांसारखा बोलतो का ते.”

ताईने घाईघाईने त्याच्या ताटात भात वाढला. कारण शेजारच्या मुलीने फोनवर सिनेमाची झलक तिला आधीच दाखवली होती. नट देखणा होता, खांदे दरवाजाएवढे. आवाज तुपासारखा गुळगुळीत, आणि वाक्य एका श्वासात. थांबमीआलोय. मध्ये कुठे खळगा नाही, अडणं नाही. भाऊजवळ बाबांचा फोटो होता, बाबांचं घड्याळ होतं, पण बाबांचा आवाज फक्त त्या फुग्यांत होता. तो आता बदललाय असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर या माणसाचे कान आपण आहोत, आयुष्यात कधी त्याला चुकीचं ऐकवलं नाही, त्याचं काय? सिनेमाचा दिवस येईपर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही.

दुपारचा खेळ होता. मऊ खुर्च्या, अंधार, आणि पुढे भिंतभर आभाळ. वहिनी मध्ये बसणार होती, पण भाऊने तिला उठवून ताईला शेजारी घेतलं.

ताई खोटं बोलणारी बाई नव्हती, म्हणून तिने मनाशी कबूल केलं की सिनेमा वाईट नव्हता. केप खरीखुरी फडफडत होती. चित्रकार जन्मभर ती फडफड एका वळणात पकडायचा प्रयत्न करत राहिला आणि इथे ती आपोआप होत होती. तो बिचारा असता तर त्याने चित्रकाराचा हेका सोडून टाळ्या वाजवल्या असत्या. पूल पडला तेव्हा खुर्च्या हादरल्या. भाऊने दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर घट्ट दाबले आणि लहान पोरासारखा तिच्याकडे बघून हसला. कागद कधी हादरला नव्हता.

पण तिला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. अलीकडे आभाळराखा गच्चीच्या कडेला उभा, पलीकडे पूल त्याच्या खांद्यावर. मधली उडी कुणी काढलेलीच नसते, ती वाचणारा आपली आपण मारतो. पाहिजे तर वेळ घेऊन मारतो, मागचं पान उलटून पुन्हा मारतो. सिनेमाने ती उडी दाखवली, चारी बाजूंनी, आणि हळू करून पुन्हा एकदा. सुरेख उडी होती. फक्त ती सिनेमावाल्यांची होती. ताईला नुसतं बघायचं काम उरलं, आणि बघायलाही कुणी थांबू देईना.

मग तो उतरला. चोरांच्या पुढ्यात, गुडघा टेकून, धूळ उडवत. मान वर केली आणि बोलला. एका श्वासात. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, वाद्यं दणाणली, थांबायला जागाच नव्हती.

भाऊ तिच्याकडे वळला. पडद्याच्या उजेडात त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. त्याने स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या.

“तसाच,” ताई म्हणाली.

त्याने पुन्हा भुवया उंचावल्या.

“अगदी तसाच.”

भाऊ क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग मान डोलवून पडद्याकडे वळला. उरलेला सगळा सिनेमा तो अगदी शांत बसून होता, चेहऱ्यावर एक ओळखीचं समाधान. ताईला ते बघवेना. जन्मात एकदा खोटं बोलली, तेही कुणाशी तर याच्याशी.

घरी येईपर्यंत वहिनीने सिनेमा दोनदा सांगून संपवला. “मला तर आवडला बाई. पुस्तकात तो कपडे कुठे बदलायचा ते कधी कळलं नाही, इथे नीट दाखवलं. पण बोलतो किती भरभर! आणि आईला मारायला नको होती. पुस्तकात आई होती ना जिवंत? मग? यांना काय जातंय मारायला!” असं म्हणत ती चहा टाकायला आत गेली आणि आतूनही बोलत राहिली.

ताईने पलंगाखालची पेटी ओढली. मनाला टोचणी लागली होती, म्हणून दोन घटका जुन्या अंकात बसावं, आपल्या आभाळ्याला भेटावं, एवढाच विचार. पहिला अंक काढला. पान पिवळं पडलं होतं, शाई तशीच काळीभोर. तो उतरला होता तिथे तिने नजर टेकवली. ‘थांब’.

आणि तिला त्या नटाचा आवाज ऐकू आला.

तिने डोळे मिटून पुन्हा वाचलं. पुन्हा तोच. दुसरा अंक काढला, तिसरा काढला. पहिला शब्द एकटा उभा होता, खाली मोकळी जागा होती, सगळं तिनेच स्वतःच्या हाताने केलेलं, आणि तो गुळगुळीत आवाज त्या जागेवरून घसरत सरळ पुढच्या ओळीत जात होता. तिने कॉमिक बाजूला ठेवलं आणि नुसते बाबा आठवायचा प्रयत्न केला. बर्फाचा ओला सदरा आठवला, लाल पडलेले हात आठवले, वर झालेली मान आठवली. तोंड उघडलं आणि आवाज काही येईना. इतकी वर्षं तिने बाबांचा आवाज वेगळा असा कधी आठवलाच नव्हता. लागला की फुग्यातून घ्यायचा, अशी सवय झाली होती. आता तिथे दुसराच कुणी राहायला आला होता. भाऊसाठी जिवाची एवढी घालमेल केली, आणि गेलं ते तिचं स्वतःचं.

भाऊ दारात उभा होता. तो आत येऊन पलंगावर टेकला.

“तो बाबांसारखा बोलत नाही,” भाऊ म्हणाला.

ताईने चमकून वर बघितलं.

“तोंड बघितलं ना मी. ओठ थांबतच नाहीत त्याचे. धावतं बोलणं. आमच्या हिच्यासारखं.” त्याने आतल्या दिशेने हात केला आणि हसला.

“मग मला विचारलंस कशाला?”

“तू काय म्हणतेस ते बघायचं होतं.”

“रागावलास?”

“छे. मी काय केलं सांगू? एकदा बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघायचंच सोडलं. केपकडे बघत बसलो. मग बरोबर बोलायला लागला. सगळा सिनेमा बाबाच बोलले.” तो खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, “ताई, एवढी माणसं बसली होती तिथे. नीट ऐकू आलं ते मला एकट्यालाच!”

ताईही हसायला गेली, पण तोंड वेडंवाकडं झालं आणि मान खाली गेली. ती पानाकडे बघतच काहीतरी म्हणाली. भाऊने तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला. “वर बघून बोल.”

“माझा गेला रे,” ती म्हणाली. “बाबांचा आवाज. मला आता त्या नटाचाच ऐकू येतो. आठवून बघितलं, येतच नाही.”

भाऊने ते तिच्या ओठांवरून वाचलं. मग त्याने तिच्या मांडीवरचा अंक आपल्याकडे ओढला, खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला, आणि फुग्यावर बोट ठेवलं.

“थांब,” तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता, जाड, सपाट आणि खोलीला न मानवणारा मोठा. आतून वहिनी ओरडली, “काय झालं हो?” पण भाऊला ते ऐकू जाणार नव्हतं. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, मान जराशी वर गेली होती, नजर ताईवर होती, आणि बोट त्या मोकळ्या जागेवर टेकलेलं होतं. पुढचा शब्द येत नव्हता.

ताई थांबली. या घरात सगळ्यांना थांबायची सवय होती.

“मी आलोय,” भाऊ म्हणाला.